पाळण्याचा जमाखर्च

महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात जो कोणी गावाच्या उपयोगी पडे, त्याच्या श्रमाचा वाटा सुगीच्या खळ्यावर ठरलेला असे. औत नीट करणारा सुतार, फाळ घडविणारा लोहार, पायतण शिवणारा चांभार, श्मश्रू करणारा न्हावी हे सारे राशीपाशी हक्काने येत आणि आपले बलुते पदरात बांधून नेत. कुणाचे वतन, कुणाचे इनाम, कुणाचे सरकारदेणे याची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात पिढ्यानुपिढ्या होत राही. विहीर, झाड, बैल यांचीही मोजदाद ज्या दप्तराने मनोभावे केली, त्यात एक काम मात्र कधी चढले नाही. पावसाळ्यात गावातल्या धडधाकट बायका चिखलात कमरेत वाकून भाताची रोपे लावीत असताना त्यांची तान्ही मुले कोणी सांभाळली, त्यांस कोणी भरविले, विंचूकाट्यापासून आणि विहिरीच्या काठापासून कोणी दूर ठेवले, या प्रश्नाचे उत्तर त्या लिखापढीत कोठेच सापडत नाही. त्यावरून खेड्यातील बालसंगोपन फुकट होते अशी समजूत रूढ झाली, आणि ती पुढे राज्यकर्त्यांच्याही मनात इतकी खोल रुजली की स्वतंत्र भारताच्या अर्थसंकल्पातही तिची मुळे लागलेली दिसतात. वास्तविक ते संगोपन फुकट कधीच नव्हते. त्याची किंमत जिच्या नावे पडत होती तिला खातेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

ही जी बिनखात्याची धनको, ती बहुधा सहासात वर्षांची मुलगी असे. एकत्र कुटुंबातल्या म्हाताऱ्या आजीचे चित्र आपल्या साहित्याने आवडीने रंगविले आहे, आणि ज्या घरी जमीनजुमला होता त्या घरापुरते ते खरेही होते. परंतु भूमिहीन मजुराच्या घरी हातपाय चालतात तोवर आजीदेखील मजुरीला जात असे, आणि हातपाय थकले की पुष्कळदा तीच दुसऱ्याच्या आधाराची होई. मग तान्हे मूल एक तर आईबरोबर शेतावर जाई आणि बांधावरच्या आंब्याला अगर पळसाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत दिवस काढी, नाही तर थोरल्या बहिणीच्या कडेवर घरी राही. कडेवर भावंड घेतलेली आणि त्या ओझ्याने एका अंगाला कललेली मुलगी या देशात इतकी परिचयाची आहे की तिच्याकडे पाहून आपणांस काही वाटेनासे झाले आहे. गावात शाळा निघाल्यानंतरही ही मुलगी शाळेत का येत नाही, याची कारणे शोधताना आईबापांच्या अज्ञानावर बोट ठेवणे सोपे होते. ती येत नव्हती, कारण त्या घरातले एक पूर्ण माणसाचे काम ती करीत होती आणि तिच्या जागी दुसरे माणूस ठेवण्याची त्या घराची ऐपत नव्हती.

जेथे बहीणही नसे तेथे अफू असे. अफूची बाळगोळी मुलाला चाटवून, ते गुंगीत पडले म्हणजे आईने कामावर जावे, हा शिरस्ता खेड्यांतून होता आणि खेड्यांतून गिरण्यांच्या चाळींत आला होता. मुंबई सरकारने १९२० नंतरच्या दशकारंभी एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणीकामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करविली तेव्हा हा प्रकार उजेडात आला, आणि १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात त्याची दखल घेऊन कारखान्यांतून पाळणाघरे काढावीत अशी शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांकरिता पाळणाघर सक्तीचे केले, आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा तिसांवर आणली. चहाकॉफीच्या मळ्यांना १९५१ च्या स्वतंत्र कायद्याने असेच बंधन पडले. हे कायदे चांगले होते. ते कागदावर किती आणि जमिनीवर किती उतरले हा प्रश्न निराळा. परंतु या सर्व कायद्यांचा पाया एकच होता, तो असा की मालक निश्चित असावा आणि त्याने खर्च सोसावा. आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या बागेत आणि परवा तिसऱ्याच्या गवतकापणीवर जाणाऱ्या शेतमजूर स्त्रीचा मालक कोण म्हणावा? तिच्या मुलाचा खर्च कोणाच्या माथी मारावा? या प्रश्नापाशी येऊन कायदा थांबला, आणि देशातील काम करणाऱ्या स्त्रियांचा फार मोठा भाग त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

सार्वजनिक पैशातून खेड्यातल्या मुलांची तजवीज करण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले ते केवळ दुष्काळात. १८७६-७७ च्या दुष्काळात, आईबाप खडी फोडण्यास गेले अगर देशोधडीस लागले असता मुलांचे काय, हा प्रश्न सत्यशोधक समाजाला पडला आणि १८७७ साली पुण्याजवळ धनकवडीस ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ निघाला. जोतीराव फुले यांनी त्याच्या साहाय्यार्थ लोकांना जाहीर आवाहन केले होते. सरकारनेही नंतर जे दुष्काळी नियम तयार केले त्यांत दुष्काळी कामावरील मजुरांच्या, काम न करणाऱ्या मुलांना अन्न अगर भत्ता देण्याची तरतूद घातली. परंतु पाऊस पडला की ही सारी व्यवस्था मोडे. मूल भुकेने मरू लागले तर सरकारने हात घालावा, एरवी त्याचा भार घराने वाहावा, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले, आणि बालकल्याणाच्या आपल्या साऱ्या योजनांवर दुष्काळाची ही छाया अद्यापि आहे.

दुष्काळ नसताना, रोजच्या जगण्याचा भाग म्हणून खेड्यातल्या लहान मुलाकडे पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक यांचे नाव त्या वेळी बालशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वतोमुखी होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या, पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांच्या सहकारी, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या चालक आणि नंतर दादरच्या शिशुविहाराच्या प्रमुख, अशी त्यांची वाटचाल होती. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी मराठी आणि गुजराती मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचविली होती, आणि त्या कीर्तीवर उर्वरित आयुष्य सुखाने घालविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु ही पद्धत ज्या गुळगुळीत लाकडी साधनांवर उभी होती त्यांची किंमत खेड्यास परवडणारी नाही, आणि खेड्यातले मूल वगळून बालशिक्षणाचा विचार पुरा होत नाही, या दोन गोष्टी त्यांना स्वस्थ बसू देईनात. म्हणून पन्नाशी उलटल्यावर, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्याच वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात त्यांची आणि अनुताई वाघ यांची गाठ पडली होती. मोरगावच्या अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या. ती कायमची नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि मग १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या मुलखातून हलल्या नाहीत.

बोर्डी हे गाव तसे भाग्यवान. चिकूच्या बागा, आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी वाढविलेली शाळा, शिकलेसवरलेले लोक. परंतु गावाच्या कडेने आणि मागल्या डोंगरपट्टीत वारल्यांचे पाडे होते, आणि त्या पाड्यांवरचे जिणे वेठीने आणि खावटीच्या कर्जाने पिळवटून काढलेले होते. ज्या वर्षी बोर्डीला बालवाडी निघाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात जवळच्या उंबरगाव तालुक्यात झरी येथे परिषद भरून, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वारल्यांनी वेठ करणार नाही असे बजावले होते. हे दोन उद्योग परस्परांपासून स्वतंत्र होते आणि त्यांचे मार्गही भिन्न होते. तरी इतिहासाकडे पाहणाऱ्याला ते एकत्रच पाहावे लागतात. कारण ज्या आईला आपल्या दिवसावर स्वतःचा हक्क नाही तिच्या मुलाला बालवाडीत नेऊन बसविण्याने फारसे साधत नाही, आणि वेठ सुटून तिचा दिवस तिला परत मिळाला तरी तो मजुरीतच जाणार असल्याने मुलाचा प्रश्न उरतोच.

बोर्डीच्या बालवाडीत प्रथम आली ती गावातील बऱ्या घरांची मुले. गरीब वस्तीतली मुले येत ना. बोलावून आणली तरी दुसऱ्या दिवशी दिसत नसत. तेव्हा ताराबाईंनी जो निर्णय घेतला त्यात त्यांच्या प्रतिभेचे सारे सार आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले, आणि मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला वस्तीतली अंगणवाडी जन्मास आली. पुढे देशभर गेलेले हे नाव येथले आहे. अंगणवाडीचा दिवस कसा असे ते पाहण्यासारखे आहे. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाई. कुडाच्या झोपडीपुढचे अंगण झाडी, पाणी आणवी, आणि आसपासची मुले गोळा करून प्रथम त्यांना न्हाऊ घाली. नखे कापणे, नाक पुसणे, केस विंचरणे, खरजेला औषध लावणे यांत पहिला वेळ जाई. मग गाणी, गोष्टी, आणि खेळ. पण खेळाचे सामान मुंबईच्या दुकानातून आलेले नसे. समुद्राच्या वाळूतले शिंपले, चिंचोके, गुंजा, नाना आकारांची पाने, खडे, काड्या आणि माती यांनीच मुलांनी मोजावे, लावावे, रंग ओळखावे आणि आकार ताडावे अशी योजना होती. इंद्रियशिक्षणाचे माँटेसोरीबाईंचे तत्त्व तसेच राहिले आणि साधनांचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. परदेशी कल्पना आपल्या मातीत रुजविण्याचे इतके नेटके उदाहरण आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मला दुसरे दिसत नाही.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था आधीच होती, आणि सभोवती निखळ आदिवासी वस्ती होती. त्या वस्तीने ताराबाई व अनुताई या दोघींना पुढचा धडा दिला. अंगणवाडी दारात आली तरी मोठी भावंडे शिकत नव्हती, कारण कडेवरचे मूल खाली कोठे ठेवावे हा प्रश्न तसाच होता. आणि त्यांहून मोठे मुलगे गुरांमागे रानात होते. त्यातून ‘विकासवाडी’ निघाली, म्हणजे एकाच आवारात तान्ह्यांचे पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा. बहिणीने भावंडाला घेऊन शाळेतच यावे, त्याला पाळण्यात घालावे आणि आपण शेजारच्या वर्गात जाऊन बसावे, त्याने रडून आकांत केला तर मधेच उठून त्याला पाहून यावे, अशी ती व्यवस्था. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत असता कुरणातच झाडाखाली वर्ग भरे, आणि एखादे जनावर परक्या शेतात शिरले तर विद्यार्थी धावत जाऊन ते वळवून आणी व पुन्हा येऊन बसे. शिक्षणखात्याच्या कोणत्याही नियमात असल्या शाळेला जागा नव्हती. परंतु मुलगी शाळेत न येण्याचे खरे कारण तान्हे मूल आहे, आणि म्हणून पाळणाघरावर होणारा खर्च हा प्राथमिक शिक्षणावरचाच खर्च आहे, हा सिद्धान्त कोसबाडने कृतीने मांडला. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना या कामातल्या हालअपेष्टांची कल्पना आहे.

आता येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या प्रयोगाची जी स्वस्ताई, ती दोन निराळ्या झऱ्यांतून आली होती. शिंपल्यांची आणि चिंचोक्यांची स्वस्ताई बुद्धीतून आली. ती अनुकरणीय होती आणि आहे. परंतु दुसरी स्वस्ताई, आणि खर्चाचा मोठा भाग तीच वाचवीत होती, ती कार्यकर्त्यांच्या त्यागातून आली होती. पुण्याची नोकरी सोडून आलेली बाई अत्यल्प वेतनात दिवसरात्र राबत होती, म्हणून ते सारे परवडत होते. असा त्याग वंदनीय आहे; मात्र तो एखाद्या ताराबाईंचा, एखाद्या अनुताईंचा असतो, आणि त्याच्या भरवशावर राज्याने लाखो माणसांची योजना आखणे हा अन्याय आहे. पुढे राज्याने हे काम उचलले तेव्हा कोसबाडकडून घ्यायचे ते पाळणाघर घेतले नाही, आणि घ्यायचे नव्हते ते स्वस्त श्रमाचे तत्त्व मात्र आनंदाने घेतले, असे माझे मत आहे.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि खेड्यांतील बालवाड्यांना प्रथमच केंद्राचा पैसा मिळू लागला. पण तो अनुदानाच्या रूपाने, सेवाभावी संस्थांमार्फत, आणि बहुधा संस्थेने आपला हिस्सा जमवावा या अटीवर मिळे. ज्या गावात वर्गणी देणारे सधन लोक होते तेथे बालवाडी निघे. ज्या गावात ते नव्हते, म्हणजे जेथे तिची निकड सर्वांत अधिक, तेथे अट पुरी करणारी संस्थाच नसे.

१९७२ चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्राला या प्रश्नाचे नागवे रूप दिसले. खडी फोडण्याच्या, नालाबंदिस्तीच्या, पाझर तलावांच्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने आल्या, आणि त्यांच्याबरोबर मुले आली. मातीच्या ढिगाऱ्यांजवळ, उन्हात, फाटक्या पटकुरावर निजविलेली ती मुले ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता आली नाहीत. वि. स. पागे यांनी चिकाटीने मांडलेली रोजगार हमी योजना याच सुमारास राज्यभर लागू झाली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरी पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने आपल्या खजिन्यातून घालावी असेही ठरले. शहराने ग्रामीण भागाच्या रोजगारासाठी कर द्यावा, हे तत्त्व भारतात अपूर्व होते आणि महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा असेच ते होते. कामाच्या ठिकाणी सावली, पिण्याचे पाणी आणि मुलांसाठी पाळणाघर असावे असे या योजनेने कबूल केले होते. पाणी बहुधा मिळे. सावलीचे एखादे छप्पर कधी पडे, कधी न पडे. पाळणाघर मात्र अपवादानेच दिसे, कारण त्याचे माप घेता येत नव्हते. किती घनमीटर माती उचलली याचा हिशेब मोजणीपुस्तकात बसतो. दहा मुले दिवसभर सुखरूप राहिली याचा बसत नाही, आणि जे मोजणीपुस्तकात बसत नाही त्याची मजुरी देण्यास ओव्हरसियर व मुकादम राजी नसत.

त्यानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. त्यांपैकी १८ ग्रामीण, ११ आदिवासी आणि ४ नागरी होते. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी हे आले. ग्रामीण भागात हजार लोकवस्तीमागे व आदिवासी भागात सातशेमागे एक अंगणवाडी, आणि तिच्यातून सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, शालापूर्व शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण. ही यादी बारकाईने वाचावी. तीत सर्व आहे, परंतु आई कामावर असेतो मूल सांभाळणे ही सेवा नाही. अंगणवाडी तीनचार तास भरे. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेलेली आई सकाळी अंधारात निघे आणि दिवेलागणीला परत येई. तीन वर्षांवरील मुलाला निदान ते काही तास बसण्यास जागा मिळाली; तीन वर्षांखालच्या मुलाला जागाही मिळाली नाही, त्याच्या वाट्याचे अन्न घरी न्यायचे. सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे वय हे कुपोषणाने मूल खचण्याचे खरे वय, हे वैद्यक सांगते. या वयाच्या मुलाला दिवसातून पाचसहा वेळा, थोडे थोडे, कोणीतरी बसून भरवावे लागते. सरकारने पाकीट दिले, पण भरविणारा हात दिला नाही. पाकीट घरी गेले आणि तेथे पुन्हा तीच सहा वर्षांची बहीण होती.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि लागोपाठ मेळघाटातील मृत्यूंच्या बातम्या आल्या. एक जागा कोसबाडच्याच जिल्ह्यातली. दुसरी, जेथे १९७५ पासून योजनेचा पहिला प्रकल्प चालू होता तो मुलूख. अंगणवाडीमुळे काही साधले नाही, असे यावरून म्हणणे खोटे ठरेल. लसीकरण, वजन, वाढीचा आलेख आणि गरोदर स्त्रियांची नोंद या गोष्टी ज्या रानावनात पोहोचल्या तेथे त्या अंगणवाडी सेविकेच्या पायांनी पोहोचल्या, आणि तिच्याखेरीज सरकारचे दुसरे कोणतेही माणूस त्या पाड्यांवर रोज नव्हते. परंतु पावसाळ्यात आई रोपांच्या चिखलात आणि पावसाळ्यानंतर सारे घर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, अशा जीवनक्रमात चार तासांची अंगणवाडी कोठे बसवायची, याचा विचार योजना करणाऱ्यांनी केला नव्हता.

सेविकेकडे शासनाने कोणत्या दृष्टीने पाहिले ते तिच्या मोबदल्यावरून कळते. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये, न झालेलीस १०० आणि मदतनीस बाईस ३५ रुपये देण्यात येत. त्यास पगार न म्हणता मानधन म्हटले गेले, आणि तिचा दर्जा मानसेवी ठरविल्यामुळे निवृत्तिवेतन, रजा, बढती यांपैकी कशावरही तिचा हक्क उरला नाही. घरचेच काम ती अंगणात करते आहे, त्याला पगार कशाला, ही बलुत्याच्या काळातली भावना सरकारी ठरावाच्या भाषेत अशी उतरली. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राचे मानधन सेविकेसाठी ४,५०० व मदतनिसासाठी २,२५० झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात. गुजरातमधील दाहोदच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तो या दीर्घ झगड्यातला मोठा टप्पा. महाराष्ट्रातील सेविकांनी २०२३ च्या डिसेंबरापासून २०२४ च्या जानेवारीअखेरपर्यंत संप केला. त्या काळात गावोगावच्या अंगणवाड्यांना कुलुपे लागली तेव्हा मुलांचे हाल झाले हे खरे. पण त्या हालांचा दोष त्या बायांवर ठेवणे कृतघ्नपणाचे होते.

पैशाचा भार कोणी उचलावा यावर केंद्र आणि राज्ये यांची ओढाताण चालूच राहिली. आरंभी आहाराचा खर्च राज्याचा व बाकी सारा केंद्राचा होता. २००५-०६ पासून आहाराचा निम्मा खर्च केंद्राने घेतला. २००९-१० मध्ये इतर खर्चातला दहावा हिस्सा राज्यांवर आला, आणि पुढे साठ-चाळीस असे प्रमाण झाले. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचा आणि २००६ मध्ये १४ लक्ष केंद्रे उघडण्याचा आदेश दिला नसता तर तिचा विस्तार किती रेंगाळला असता याची कल्पनाच केलेली बरी.

पाळणाघरांसाठी निराळी योजनाही होती, तीही १९७५ पासूनचीच. तिच्यातील पाळणाघर दिवसाला साडेसात तास चाले, दारिद्र्यरेषेखालील घराकडून महिना २० रुपये घेई, आणि सहा महिन्यांच्या मुलापासून सर्वांस ठेवून घेई. मजूर आईच्या दिवसाशी आणि ऐपतीशी जुळणारी सरकारी व्यवस्था म्हणावी ती हीच. पण ती चालविणाऱ्या संस्थांना नव्वद टक्के मिळणारे केंद्राचे साहाय्य २०१७ पासून साठ टक्क्यांवर आले. तीस टक्के राज्याने घालावे आणि दहा संस्थेने, असे ठरले. राज्यांनी आपला हिस्सा वेळेवर दिला नाही, संस्थांना उसनवारी झेपली नाही, आणि काही वर्षांत देशातील हजारो पाळणाघरे बंद पडली. त्यांतली मुले कोठे गेली हे कोणत्याही अहवालात नाही. २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची नवी योजना आली आहे, आणि तिच्यात देशभर १७,००० केंद्रांचे उद्दिष्ट आहे. चौदा लक्ष अंगणवाड्यांच्या देशात हा आकडा किती अपुरा आहे ते सांगायला नको, तरी दिशा बरोबर आहे. पाळणाघर आणि बालवाडी एका आवारात आणणारी ही कल्पना कोसबाडच्या टेकडीवर साठाहून अधिक वर्षांपूर्वी राबविली गेली होती.

या सगळ्या कायद्यांत आणि योजनांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टातले एक छोटेसे कलम. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्या बायांपैकीच एकीला मुले सांभाळण्यास नेमावे आणि तिला इतरांच्या बरोबरीची मजुरी द्यावी, असे ते सांगते. बलुत्याच्या राशीपासून मोजणीपुस्तकापर्यंत ज्या कामाला कोणी काम म्हटले नव्हते, त्याला त्या कलमाने माती खणण्याच्या पंक्तीला बसविले. ते कलम अंमलात आणण्यासाठी इमारत लागत नाही, नवे खाते लागत नाही; हजेरीपटावर एक नाव आणि त्याच्यापुढे दिवसाची मजुरी, इतके पुरते. जव्हार, मोखाडा, धारणी, अक्कलकुवा येथल्या प्रत्येक कामावर येत्या हंगामात ते नाव चढते की नाही, हे ग्रामसभेने मागून घेतले पाहिजे. आणि आवणीच्या महिन्यांत अंगणवाडी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी ठेवून त्या वाढीव तासांचा पूर्ण पगार सेविकेला व मदतनिसाला देण्याची तरतूद राज्याच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात, केंद्राच्या हिश्शाची वाट न पाहता, झाली पाहिजे. ज्या राज्याने १९७५ साली पगारदारांवर कर बसवून खेड्याच्या रोजगाराची हमी घेतली, त्याला हे अशक्य आहे असे मी मानीत नाही.